फणसळकर सरांची एकादशी

फणसळकर सर गेल्याची बातमी मला कोर्टात कळली, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा राग आला. माझा पक्षकार बुरोंडीहून पहाटेची एसटी धरून आला होता. होडीच्या मालकीवरून भावाभावांतला दावा, साक्षीचा दिवस. मी उलटतपासणीला उभी राहणार एवढ्यात एक ज्येष्ठ वकील लगबगीने आत आले, न्यायाधीशांना काहीतरी म्हणाले, आणि सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता आणि दिवसाचं कामकाज तहकूब. बाहेर व्हरांड्यात पक्षकाराने विचारलं, "बाई, कोण वारलं?" मी म्हटलं, "आमचे सर. कायदा शिकवायचे." "मोठा माणूस व्हता काय?" त्याने विचारलं. मी त्याला पुढची तारीख सांगितली. तो पिशवी उचलून स्टँडकडे निघाला. सरांनी जाता जातासुद्धा एका माणसाला जेवणाच्या वेळी उपाशी परत पाठवलं, असं माझ्या मनात आलं...

पुढे शोकसभा झाली. कॉलेजचं सभागृह भरलं होतं. सर ज्या अध्यासनावर होते त्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब सुर्वे, आंब्याचे मोठे बागायतदार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बोलायला उठले. "सर म्हणजे सत्याची चाड," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात त्यांनी एका खोट्या कागदावर सही केली नाही." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांच्या धीराचं मला कौतुक वाटलं. मग त्यांनी जाहीर केलं की दरवर्षी ट्रस्टतर्फे होणारी भोजनं यापुढे 'फणसळकर स्मृतिभोजन' या नावाने होतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबवल्या. त्या भोजनांत सर कसे जेवायचे ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्या सभागृहात कुणालाच नव्हतं, दादासाहेब सोडून. सरांवरच्या या पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी, तुम्हीच लिहा" असा निरोप पाठवला तेव्हा मी लगेच हो म्हटलं, ते त्यासाठीच.

रत्नागिरीत इंग्लिश कॉमन लॉचं अध्यासन आहे म्हटलं की मुंबईचे वकील हसतात. हसण्यासारखंच आहे ते. साहेब जाऊन एवढी वर्षं झाली, आणि मिरकरवाड्याकडून वारा आला की मासळीचा वास आत येणाऱ्या वर्गात आम्ही तिकडच्या उमरावांच्या कुरणांचे आणि पाटाच्या पाण्याचे खटले घोकत होतो. कॉमन लॉ म्हणजे पार्लमेंटने केलेला नव्हे, तर न्यायाधीशांनी निवाड्यावर निवाडा रचत उभा केलेला कायदा. त्याच्यासाठी एक प्राध्यापक आणि दरवर्षी एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, एवढी तरतूद बॅरिस्टर तोडणकरांनी करून ठेवली होती. तोडणकर इथलेच, भंडारी समाजातले, वडील माडावर चढून माडी काढायचे. एका व्यापाऱ्याच्या मदतीने ते लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत आले, तेव्हा गावाने मोठा सत्कार केला. सत्कारानंतर जेवण होतं. पाहुणे माजघरात बसले आणि सत्कारमूर्तीचं पान पडवीत मांडलं. बॅरिस्टर जेवले, यजमानांचे आभार मानले आणि रंगूनला वकिली करायला निघून गेले ते पुन्हा आले नाहीत. आला तो त्यांचा पैसा, आणि त्याच्यासोबत ब्रह्मदेशी सागवानाचं एक लांबलचक टेबल.

ट्रस्टला त्यांनी एक अट घातली होती. लंडनला बॅरिस्टर व्हायचं तर नुसती परीक्षा पुरत नाही, ठरलेली जेवणं तिथल्या सभागृहात सगळ्यांबरोबर बसून जेवावी लागतात. शेजारी लॉर्डाचा मुलगा येवो नाहीतर माडी काढणाऱ्याचा, भांडं इकडून तिकडे सरकवायचं आणि जेवायचं. तसंच इथेही प्राध्यापकाने आणि शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याने वर्षभर दर महिन्याला एकदा त्या टेबलाशी एकत्र जेवलं पाहिजे, आणि वर्षअखेर प्राध्यापकाने ट्रस्टला तसं लिहून दिलं पाहिजे. तरच विद्यार्थ्याला मुंबईत पुढची दोन वर्षं शिकायचा खर्च मिळणार. गावाने हे साहेबी खूळ मानलं आणि अजूनही मानतं. काळे झगे घालायचे, काटे-चमचे मांडायचे आणि मग हातानेच वरणभात ओरपायचा, अशी त्या जेवणांची सगळ्यांनी मिळून गंमत करून टाकली होती. बॅरिस्टरांनी ही अट कुणासाठी घातली हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नव्हती. पदवीवाल्यांनाच ते ओळखायचं नव्हतं.

सर शिकवायचे मात्र... हे लिहिताना हात आखडतो, पण लिहिते. तसं शिकवणारा माणूस मी नंतर मुंबईतही पाहिला नाही. हातात टिपण नाही, पुस्तक नाही. बाटलीत निघालेल्या गोगलगाईचा तो प्रसिद्ध खटला त्यांनी आम्हाला सबंध आठवडा शिकवला. बाटली भरणाऱ्याने ती पिणाऱ्याला कधी पाहिलं नाही, त्याच्याशी करार केला नाही, तरी तो जबाबदार का? कारण आपल्या करण्याने किंवा न करण्याने ज्याला झळ पोचेल, तो कायद्याच्या नजरेत आपला शेजारी. "शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा नव्हे," सर फळ्याकडे पाठ करून म्हणायचे, "शेजारी म्हणजे ज्याचा विचार मनात ठेवून तुम्ही वागलं पाहिजे तो." वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. लांज्याकडच्या बौद्धवाडीतून, हातखंब्याला गाडी बदलून आलेल्या मला वाटायचं, या माणसाच्या पायाशी बसून जन्म काढावा. तेव्हा मी वीस-एकवीसची होते, एवढीच माझी बाजू.

शेवटच्या वर्षी शिष्यवृत्ती मला मिळाली. गुण माझे सगळ्यांत जास्त होते, त्यात कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. सरांनी स्वतः नाव जाहीर केलं, "मिस जाधव, अभिनंदन" म्हणाले आणि हातही जोडले. पहिल्या जेवणाला मी हॉस्टेलच्या मुलींकडून इस्त्री मागून आणली. कॉलेजच्या वाचनालयात ते टेबल होतं. दोन टोकांना दोन पानं, खानावळीच्या वहिनींनी केलेली पुरी, बटाट्याची भाजी, वरणभात, श्रीखंड. अंगात झगा, घामाच्या धारा. सरांनी लॅटिनमधल्या दोन ओळी म्हटल्या, रुमाल मांडीवर पसरला आणि म्हणाले, "सुरू करा मिस जाधव. आज माझी एकादशी आहे." मी जेवले. ते समोर बसून करारभंगावर फार सुंदर बोलले. त्यांच्या पानातलं श्रीखंड तसंच सुकत गेलं.

पुढच्या महिन्यातही एकादशी, त्याच्या पुढच्याही महिन्यात एकादशीच. आमच्या घरात बाबांच्या तरुणपणीच एकादश्या, उपास सगळं संपलेलं, त्यामुळे माझ्या काही ध्यानात येईना. उलट सर किती कडक व्रत पाळतात याचं मला अप्रूपच वाटत होतं. गावी गेले तेव्हा आईने विचारलं, "साहेबी जेवणात काय काय व्हता गो?" मी सगळं सांगितलं. "आनि तो मास्तर? तो नाय जेवला?" मी म्हटलं, "त्यांची एकादशी होती." आई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरा. तू पोटभर जेवलीस ना? मग झाला." आणि पुन्हा पाखडायला लागली. परत येताना सबंध प्रवासभर ते "मग झाला" माझ्या कानात होतं. हॉस्टेलवर पोचल्यावर मी पहिल्यांदा कॅलेंडर उघडलं. जेवणाच्या तारखा झाडून सगळ्या एकादशीच्याच निघाल्या. मग माझ्या आधीच्या वर्षीचा शिष्यवृत्तीवाला, मुकुंद जोशी, मुंबईहून सुटीवर आला होता, त्याला गाठलं. तेव्हा जेवणं महिन्याच्या पहिल्या शनिवारी असत, तो म्हणाला. "आणि सर?" "सर? अगं, दोन वाट्या श्रीखंड खायचे. वर माझ्यातलं मागायचे." तो मोकळेपणाने हसत होता, मी का विचारतेय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मी रडले नाही. रडावं एवढी त्यांची किंमत त्या दिवशी उरली नाही. मी खानावळीच्या वहिनींकडे गेले आणि म्हटलं, सरांचे फार हाल होतात, या खेपेस सगळं उपासाचंच करा. वहिनींना ते इतकं पटलं की त्यांनी कौतुकाने माझ्या गालाला हात लावला. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर... टेबल कसं देखणं दिसत होतं! सर आले, झगा सावरत बसले आणि त्यांनी पानाकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या विद्वानाचा चेहरा इतका पोरका झालेला मी कधी पाहिला नव्हता. "उत्तम," ते म्हणाले. "फारच उत्तम. पण मिस जाधव, ही एकादशी मी निर्जळी करतो." निर्जळी एकादशी ज्येष्ठात येते हे तोवर मला कळलं होतं, आणि बाहेर मार्गशीर्षाची थंडी होती. शिवाय आत येण्याआधी व्हरांड्यातल्या माठातून तांब्याभर पाणी पिताना मी त्यांना पाहिलं होतं. मी खिचडी दोनदा मागून घेतली आणि सावकाश खाल्ली.

वर्ष संपत आलं तशी सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी होता, आणि मला त्यांची सगळ्यांत जास्त किळस आली ती त्या दुःखाची. म्हणाले, "मिस जाधव, एक अडचण आहे. आपण एकत्र जेवलो असं मला ट्रस्टला लिहून द्यावं लागतं. पण काटेकोरपणे पाहिलं तर आपण एकत्र जेवलो नाही. तुम्ही जेवलात. मी उपस्थित होतो. मी खोटं लिहू शकत नाही." म्हणजे जेवायचं त्यांनी नाही, आणि शिष्यवृत्ती बुडायची माझी! बाबा मुंबईला गोदीत होते, त्यांच्या पगारात मुंबईचं शिक्षण बसणं शक्य नव्हतं. पंचायत समितीत कारकुनीसाठी मला बोलावणं आलेलं होतं, घरचे तिकडे डोळे लावून होते. ती खुर्ची एकदा धरली की कायदा संपला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, की स्वतःच्या चुकीचा फायदा कुणाला घेता येत नाही?" सरांचे डोळे एकदम चमकले. "शाब्बास!" ते म्हणाले. "अगदी योग्य तत्त्व!" विद्यार्थिनीला उत्तर आलं याचा त्यांना आनंद झाला होता. ते तत्त्व त्यांच्यावरच चालवलंय हे कळायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.

मी ट्रस्टकडे गेले. अट दोघांवर आहे, मी म्हटलं. एकत्र जेवणं झाली नसतील तर प्राध्यापकांनीही अट मोडली, मग अध्यासनही रिकामं करा. दादासाहेब सुर्वे हादरले. त्यांना कायद्याशी घेणंदेणं नव्हतं, सीझन तोंडावर होता आणि भांडण नको होतं. त्यांनी शेवटच्या जेवणाची तारीख स्वतः ठरवली, कॅलेंडर पाहून, आणि स्वतः हजर राहिले. त्या दिवशी साधा भात, आमटी, भाजी, पोळी, श्रीखंड. लॅटिन ओळी झाल्या. दादासाहेबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण मी हात मांडीवर ठेवून बसले होते. "सर सुरुवात करतील," मी म्हटलं. सर पानाकडे पाहत होते. आमटीवर साय धरली. दादासाहेब कुजबुजले, "सर, एक घास घ्या आणि मोकळे व्हा की!" सरांनी पोळीचा तुकडा मोडला. तो हातात धरला. मी पाहत होते, आणि मला दया आली नाही. तुकडा त्यांनी परत पानात ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "दादासाहेब, कागद आणता का?" आणि त्या सुरेख वळणदार अक्षरात त्यांनी लिहून दिलं की वर्षभरातली सगळी भोजनं प्राध्यापक आणि विद्यार्थिनी यांनी एकत्र केली. खाली सही केली. दादासाहेब म्हणाले, "झालं तर मग! चला, बसा जेवायला," आणि त्यांनी श्रीखंडाला हात घातला.

तो कागद मी घेतला. घेतला, मुंबईला गेले, शिकले, परत आले आणि इथेच वकिली करते. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज ज्याला वाटायची त्याने ती कधी वाटून घेतली नाही. उलट मी परत आल्यावर सर भर कोर्टात लोकांना थांबवून सांगायचे, "ही आमची जाधव, माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी." पेपरात आलेल्या माझ्या युक्तिवादांची त्यांनी कात्रणं ठेवली होती म्हणे. तत्त्वासाठी हट्टाने उपाशी बसणारा माणूस मी समजू शकते, त्याच्याशी भांडू शकते. पण सर आयुष्यभर ज्या सत्याच्या गोष्टी सांगत आले, ते त्यांनी पोळीच्या एका तुकड्यापायी सोडून दिलं, आणि मग घरी जाऊन शांत झोपले. निदान एकादशी तरी त्यांची खरी असेल, पहिले काही महिने तरी, असं मी मनात धरून होते. एवढी सूट मी त्यांना दिली होती...

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. गावात राहायचं तर जावं लागतं. मालतीकाकू, सरांच्या पत्नी, मागच्या दारी पडवळाच्या वेलाला काठी बांधत होत्या. त्यांना मी आधी कधी भेटले नव्हते. मी नाव सांगितलं. "तूच ना ती जाधव?" त्या म्हणाल्या. "फार सांगायचे तुझ्याबद्दल. असं डोकं पुन्हा मिळायचं नाही म्हणायचे." मी म्हटलं, "हो?" त्या आत चालू लागल्या. "ये. जेवूनच जा आता. एकटीला घास उतरत नाही बघ." मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात भाताचं पातेलं उतरवता उतरवता त्या बोलत होत्या. "तुझ्या वर्षी ती जेवणं असायची ना, त्या दिवशी हे नुसते भुकेने कासावीस होऊन यायचे गो. आल्या आल्या पान मांडायला लावायचे. गरम गरम भात, वरण, वर तूप. मी म्हणायचे, अहो, तिथे वाढतात की नाही काही?"

"मग सर काय म्हणायचे?" मी विचारलं.

"म्हणायचे, तिथलं मला मानवत नाही."

मी म्हटलं, "पण काकू, त्या दिवशी एकादशी असायची ना त्यांची?"

काकू खळखळून हसल्या. नवरा गेल्यापासून त्या बहुधा पहिल्यांदाच हसत असाव्यात. "एकादशी? यांची? अगं, उपाशी राहिले की पित्त उसळायचं. यांनी आषाढीसुद्धा कधी धरली नाही!"

सरांचा चष्मा कोनाड्यात होता, औषधाच्या बाटल्या अजून तशाच होत्या. त्या खोलीत मला एकाच गोष्टीची खात्री पटली, की त्यांना मी कधीच पुरेसं तुच्छ लेखलं नव्हतं. काकूंनी दोन पानं घेतली, समोरासमोर मांडली. "या पाटावर बस," त्या म्हणाल्या. "यांचाच आहे. दुसरा कुठे शोधत बसू?" मी बसले. त्यांनी मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं, भात कालवला आणि घास तोंडात घातला. मग थोडं थांबून, भुवई उंचावून त्यांनी मला विचारलं, "आमटीत मीठ कमी पडलंय का गो?"

असं विचारता येतं ते फक्त तेच अन्न खात असलेल्या माणसाला. त्या सागवानी टेबलाशी सबंध वर्ष मी एवढंच ऐकायला बसले होते.